सूर्यभानची चारशे शब्दांची वही

सूर्यभानची वही माझ्याकडे आली, ती घरात मोडी वाचणारा मी एकटा उरलो म्हणून. तो माझा पणजोबा. 'आपला म्हातारा साहेबापुढे मुका झाला' असं म्हणून आमच्याकडे त्याची गोष्ट हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं कधी काही सापडलं नाही.

तो दर्यापूरकडचा कुणबी. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडकला आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं, तेव्हा तो अमरावतीच्या कापूसबाजारात पारखी होता. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा आणि हा माल कोणत्या शिवारातला, नवा की मागल्या सालचा, हे सांगायचा. मग ती कानाशी नेऊन दाबायचा. कोरडी रुई कुरकुरते, पाणी मारलेली गप्प राहते. त्याचं सहसा चुकत नसे.

बाजारात गोरे साहेब येऊ लागले आणि अशातच बातमी आली की एक विलायती पेढी दोन-तीन वर्षांत अमरावतीत कापूस दाबायचा कारखाना काढणार आहे. तिच्या साहेबाला माल पारखणारा माणूस हवा होता, पण मध्ये दुभाषी नको होता. पारखणाऱ्यानंच इंग्रजीत सांगायला हवं. सूर्यभानला ती जागा हवी होती. दलालांच्या मागे मागे फिरून त्याचा जीव विटला होता.

त्याच गल्लीत केशवराव राहत. मुंबईत इंग्रजी शिकून आलेले, अर्ज लिहून देणारे, स्वच्छ धोतराचे गृहस्थ. त्यांनाही बाजारात शिरायचं होतं, पण रुईतलं ओ का ठो कळत नव्हतं. सूर्यभान त्यांच्या ओसरीवर गेला आणि म्हणाला, "केशवराव, मले जे येते ते तुमाले देतो. तुमाले जे येते ते मले द्या. लपवाचं नाही."

"मान्य," केशवराव म्हणाले.

सूर्यभाननं खांद्यावरचं उपरणं काढून पुढे धरलं. बाजारात भाव ठरायचा तो असाच, कापडाखाली, एकमेकांची बोटं दाबून. एकदा बोटं दाबली की व्यवहार पक्का, मग कागद लागत नाही. केशवरावांना थोडं हसू आलं, पण त्यांनी हात घातला. माझ्या पणजोबाची चूक झाली असेल तर ती इथे. बाजाराची रीत बाजाराबाहेरच्या माणसालाही बांधते असं तो धरून चालला.

दोन वर्षं रोज सकाळी तो ओसरीवर बसला. केशवराव शब्द सांगत, सूर्यभान त्याचा अर्थ आपल्या बोलीत लिहून घेई. वहीची पानं आता पिवळी पडलीत, पण अक्षर लागतं. 'चेअर – ज्याच्यावर साहेब बसते ते. स्पून – याच्यानं जेवलं त हात खरकटा होत नाही. प्लीज – काम व्हाच्या आंधी म्हनाचं. थँक यू – काम झाल्यावर म्हनाचं. सॉरी – आपल्या हातून चूक झाली त म्हनाचं, मंग समोरच्याच्या मनात राहत नाही.' दारात कोणी आलं तर काय बोलायचं, पाणी कसं विचारायचं, निरोप कसा द्यायचा, सगळं आहे. तो बैलगाडीत घोकायचा, आंघोळ करताना घोकायचा. त्याची बायको सुभद्रा वैतागून म्हणायची, "बैलालेही आता इंग्रजीच समजीन."

अधूनमधून तो विचारायचा, "बाजारातले शब्द कधी देता?"

"विद्येला क्रम असतो, सूर्यभानजी. आधी घर, मग दार, बाजार शेवटी."

त्याला हे पटायचं. तोही त्यांना क्रमानंच शिकवत होता. आधी सरकी, मग कचरा, मग धागा, मग ओल. केशवरावांची चिमटी तो स्वतःच्या हातानं धरून फिरवायचा. त्यानं काही म्हणता काही मागे ठेवलं नाही.

साहेबानं माणसं बघायला बोलावलं तेव्हा बाजाराचे शब्द अजून यायचेच होते. केशवराव म्हणाले, "काळजी करू नका. मी बरोबर येतो, अडलं तर सावरून घेईन."

साहेबानं आपल्या तंबूत टेबलावर रुईचे तीन ढीग ठेवले होते. सूर्यभाननं 'गुड मॉर्निंग' म्हटलं, साहेब खूश झाला. पणजोबानं रुई ओढली, कानाशी दाबली. तिसऱ्या ढिगात पाणी मारलंय आणि दुसऱ्यात जुना माल मिसळलाय, हे त्याला घटकेत कळलं. साहेबानं विचारलं. सूर्यभाननं तोंड उघडलं. चारशे शब्दांत ओल नव्हती, धागा नव्हता, भेसळ नव्हती. 'कॉटन' तेवढा त्याला येत होता, आणि तो बाजारात कोणालाही येत होता. त्यानं केशवरावांकडे पाहिलं.

केशवराव पुढे झाले. त्यांनी तिसऱ्या ढिगातली रुई उचलली, कानाशी नेली, दाबली आणि घडाघडा इंग्रजीत बोलू लागले. रुई गप्प राहिली की मान डावीकडे किंचित कलवायची सूर्यभानची सवय होती. तीसुद्धा त्यांनी उचलली होती. दुसऱ्या ढिगावर ते जरा घुटमळले, तेव्हा सूर्यभानच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "जुना हाय." केशवरावांनी तेही इंग्रजीत सांगून टाकलं.

जागा त्यांना मिळाली. बाहेर आल्यावर सूर्यभाननं एवढंच विचारलं, "काहून केलं असं? हात देल्ला होता तुमी."

"मी काय लिहून दिलं होतं?" केशवराव म्हणाले आणि छत्री उघडून चालू लागले.

सुभद्रा सांगायची, त्यानंतर आठ दिवस त्याला घास गिळवला नाही. जागा गेल्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. दोन वर्षं रोज समोर बसून हा माणूस शब्द निवडून निवडून बाजूला ठेवत होता आणि वर आपल्या हातानं पानसुपारी देत होता, हे त्याच्या मनातून जाईना.

पुढच्या हंगामात केशवराव एका दुपारी दारात आले. हातात अकोल्याहून आलेल्या मालाचं गाठोडं होतं. दोनदा त्यांची पारख चुकली होती, तिसऱ्यांदा साहेब ठेवणार नव्हता. शिकलेलं बोटांत उतरायला वर्षं लागतात, आणि ती त्यांनी बाजारात घालवलेली नव्हती.

सूर्यभान उठून उभा राहिला. "कम इन," तो म्हणाला. "सिट डाऊन, प्लीज."

सुभद्रेनं पाणी आणलं. "वॉटर," सूर्यभाननं तांब्या पुढे केला.

केशवरावांनी गाठोडं सोडलं. "सूर्यभानजी, हा माल एकदा बघा. यात जुना किती आहे, तेवढं सांगा."

सूर्यभाननं कोनाड्यातली वही काढली. पहिल्या पानापासून एकेक पान सावकाश उलटलं. "तुमी जे विचारून राहिले ते याच्यात नाही," तो म्हणाला. मग एका पानावर थांबला, वही त्यांच्याकडे फिरवली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. तो सॉरी होता.

तो वाट बघत राहिला. सुभद्रा शपथेवर सांगायची, तेवढा एक शब्द आला असता तर या माणसानं गाठोड्यातली चिमूट चिमूट पारखून दिली असती. केशवरावांनी शब्द वाचला. पाणी प्यायले, गाठोडं बांधलं आणि उठले.

"थँक यू," ते म्हणाले.

"गुड बाय," सूर्यभान म्हणाला. त्या पानावर अजून त्याच्या बोटाचा डाग आहे.