प्राचीच्या तोंडी परीक्षेत मी घडवलेला समेट

हातातला चहा आधी खाली ठेवा. हे ऐकताना आमच्या शेजाऱ्याच्या नाकातून चहा आला होता, म्हणून सांगतो. नातीच्या परीक्षेत जाऊन मी समेट घडवून आणला! होय, परीक्षेत. तेही कुणी भांडत नसताना!

माझी नात प्राची बारावीला, आर्ट्सला. विषय घेतला तत्त्वज्ञान. माझी शाळेशी ओळख पोरांना पोचवण्यापुरती, म्हणून एकदा विचारलं, "यात शिकवतात काय ग?"

"प्रश्न विचारायला, आजोबा."

"आणि उत्तर?"

"त्याच्यावर परत प्रश्न."

"मग मार्क कशाला देतात?"

"ते सरच जाणे!"

सराव परीक्षेत तिचा लेखी पेपर जेमतेम निघालेला. तोंडी चांगली गेली तर पुढे शिकायचं, नाहीतर आईबरोबर मासळी बाजारात बसायचं, असं माझ्या मुलाने ठणकावून सांगितलेलं. परीक्षेच्या दिवशी मुलगा बोटीवर, सून बाजारात. मग चौकातून बसने भाईंदरला तिच्याबरोबर कोण जाणार? मीच एक रिकामटेकडा.

तोंडी घ्यायला दुसऱ्या कॉलेजातले सर आलेले. प्राची आत गेली, मी बाहेर बाकावर. दार अर्धं उघडं. सर विचारत होते, "कुणाला वाचवायला खोटं बोललं, तर ते बरोबर?"

"बरोबर," प्राची म्हणाली.

"मग चोराची आई पोलिसांशी खोटं बोलली, तेही बरोबर?"

"नाही सर. तिथे दुसऱ्याचं नुकसान होतंय."

"मला नाही पटत!"

"का नाही पटत, सर?"

"मी तुला विचारतोय, का पटावं?"

अरे देवा! आवाज चढायला लागले. सर टेबलावर हात आपटतायत, आणि आमची पोरगी मान हलवून "नाही सर, नाही सर" करतेय. मला घाम फुटला. मार्क देणाऱ्या माणसाशीच भांडण?

आता तुम्हीच सांगा, मी गप्प कसा बसू? आमच्या गावात दोन घरांत वाजलं की मलाच हाक मारतात. माझी पद्धत ठरलेली. लहानाने मोठ्याच्या पाया पडायचं, दोघांनी समोरासमोर बसून चहा प्यायचा, आणि मोठ्याच्या घरी सुक्या मासळीचा वानवळा धाडायचा. असे मी एकमेकांची जाळी कापलेले भाऊ जोडलेत. एक सर काय जड?

उठलो. शिपाई धावत आला. "चाचा, अंदर मत जाओ, एग्जाम चालू है!"

"एग्जाम किधर? झगडा चालू है. तू चाय बोल पहले!"

आणि शिरलो की आत! "सर, पोर तोंडाळ हाय, पण मनात काय न्हाय तिच्या. प्राची, पाया पड!"

"आजोबा!"

"पड म्हणतो ना! आणि बोल, सर म्हणतात तेच खरं."

"पण मला नाही तसं वाटत!"

"तुला वाटून काय करायचंय? मार्क कुणाच्या हातात हायत?"

पोरगी लालबुंद. वाकली बिचारी. रडक्या आवाजात म्हणाली, "सर म्हणतात तेच खरं." सर खुर्चीतून अर्धे उठलेले, ते तसेच राहिले. मला वाटलं, विरघळले! तेवढ्यात चहा आला. दोघांच्या हातात एकेक कप दिला. आणि मग, काय बुद्धी झाली बघा, भाईंदरच्या बहिणीसाठी घेतलेली सुक्या बोंबलांची पिशवी मी थेट मार्कांच्या कागदावर ठेवली. "घरी न्या सर. वहिनींना सांगा, कोकम घालून करा."

खोलीभर वास.

सर हळूच म्हणाले, "आजोबा, परीक्षकाला असं काही दिलं तर त्याला काय म्हणतात?"

"वानवळा."

"लाच म्हणतात!"

दारातून शिपाई म्हणाला, "मैंने बोला था."

सरांनी मला खुर्चीवर बसवलं. "अहो, ती भांडत नव्हती. मी मुद्दाम उलटं बोलत होतो. कुठली बाजू घेतली याला इथे मार्क नाहीत. घेतलेल्या बाजूला कारणं देऊन पोर किती टिकते, याला आहेत. मस्त टिकली होती हो! आणि आता म्हणते, सर म्हणतात तेच खरं. याला काय देऊ?"

"शून्य?" मी विचारलं.

"त्याच्या खाली काही नाही, म्हणून शून्यच."

प्राचीच्या डोळ्यांत पाणी. मी दोन्ही कान पकडले. "सर, मला नापास करा! तिला काय करू नका. मार्क गेले तर बाप तिला मासळी बाजारात बसवील."

सरांनी पिशवी माझ्या हातात परत दिली. "बाहेर बसा. नवीन प्रश्न देतो तिला."

दार लागलं, पण खिडकी उघडीच. आणि प्रश्न काय, माहीत आहे? "आजोबांनी आत्ता जे केलं, ते प्रेमापोटी केलं. मग ते बरोबरच झालं ना?"

सरांनी माझी बाजू घेतली! मला भरून आलं. आणि प्राची?

"अजिबात नाही, सर! प्रेम आहे म्हणून मला वाटतं ते मी गिळून टाकायचं?"

"अग, पण ते वयाने मोठे आहेत."

"मग त्यांनी तर आधी विचारायला हवं, काय चाललंय म्हणून!"

"बोंबील तर मनापासून दिले?"

"सर, कागदाला अजून वास येतोय?"

"येतोय."

"मग त्या वासाच्या कागदावर मला मार्क मिळाले, तर ते माझे की बोंबलांचे?"

बाकावर माझ्या शेजारी बसलेला शिपाई म्हणाला, "चाचा, बच्ची सही बोल रही है." खोटं कशाला सांगू, मीसुद्धा मान डोलवत होतो!

दार उघडलं. प्राची हसत बाहेर, मागून सर कपाळ पुसत. मला म्हणाले, "मार्क सांगायचे नसतात. पण हिला बाजारात बसवू नका, गिऱ्हाईक रडत घरी जाईल."

मी हात जोडले. "आणि सर, माझी बाजू घेतलीत, उपकार झाले."

"जीव तोडून घेतली, आजोबा," सर म्हणाले. "पण तुमची केसच फार कच्ची होती!"