जब्बारने दाखवलेली भिंत

जळगावच्या दाणा बाजारात जवरीलाल शेठच्या पेढीला गारवा मिळायचा तो जब्बारच्या हातून. मार्च सरला की तो वाळ्याच्या ताट्या बांधून दारा-खिडक्यांना लावी आणि जून उजाडेपर्यंत दिवसभर त्यांच्यावर पाणी मारी. बावीस उन्हाळे हेच काम. एरवी कुणाच्या घराला चुना लाव, कुणाची कौलं चाळ, असं करून तो दिवस ढकली. खरी भाकर उन्हाळ्याची. गाव होरपळायचं तेव्हा त्याची चूल पेटायची, आणि याची त्याला थोडी लाजही वाटे.

एकोणसत्तरच्या फेब्रुवारीत समोरच्या नेमीचंदने पेढीच्या भिंतीत थंड हवेचं यंत्र बसवलं. झालं, जवरीलाल शेठची झोप उडाली. उकाड्याने नव्हे, नेमीचंदच्या गारव्याने. आठवड्याच्या आत मुंबईच्या एका कंपनीचा रतिलाल नावाचा माणूस कागद पसरून गादीवर बसला होता.

रतिलाल म्हणाला, "हवेची नळकांडी नकोत, छत फोडायला नको. भिंतीला एक भोक पाडायचं आणि यंत्र बसवायचं. दोन जाती आहेत. एक नुसतं गार करतं. दुसरं हिवाळ्यात खोली गरमही करतं."

"नेमीचंदकडे कुठलं आहे?"

"नुसतं गार करणारं."

"मग मला दुसरं द्या," शेठ म्हणाले. जळगावात पैसे मोजून गरम हवा घेणारा पहिला माणूस बाजाराने त्या दिवशी पाहिला.

मग रतिलालने खरे प्रश्न काढले. खोलीत माणसं किती बसतात? ऊन कुठल्या भिंतीवर येतं? छत कधी तापतं? शेठ तीस वर्षं त्या गादीवर बसत होते, त्यांना एकाचंही उत्तर येईना. त्यांनी बाहेर हाक मारली, "जब्बार, इकडे ये."

ओट्याला चुना लावत असलेला जब्बार हात पुसत उंबऱ्यापाशी उभा राहिला. त्याला सगळं पाठ होतं. सकाळी चार माणसं असतात, सौद्याच्या वेळी पंधरा. छत तीन वाजता तापतं. त्याने सांगितलं तसं रतिलालने लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, "यंत्राची पाठ उन्हात नको. कुठली भिंत धरू?"

शेठ मायेने हसले. "उद्या नीट पाहून सांग, जब्बार. तू दाखवशील तिथेच भोक पाडू. यंत्र चांगलं चाललं तर तुला पेढीवरून काढणार नाही, हा माझा शब्द."

घरी बायकोने, हमीदाने, ऐकलं आणि ती भाकरी थापता थापता थांबली. दोघं दोंडाईच्याकडची, घरात खानदेशीच चाले. "पश्चिमनी भीत दखाड," ती म्हणाली. "उन्हमा मशीन बंद पडी जाई. मंग शेठ तुन्या ताट्याच मांगी."

जब्बारला मोह झाला नाही असं नाही. पण बावीस वर्षं ज्या खोलीला त्याने गार ठेवलं तिचं वाटोळं आपल्याच बोटाने करायचं, हे त्याला जमेना. "मन्हा हातथून खोटं काम व्हनार नही," तो म्हणाला. हमीदाने पुन्हा भाकरी थापायला घेतली. प्रामाणिक माणसाशी संसार करणं किती अवघड, हे तिला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने उत्तरेची, रस्त्याकडची भिंत दाखवली. बाहेर ओट्यावर पत्र्याचं छप्पर, दिवसभर सावली. रतिलालने त्याची पाठ थोपटली. भोकही जब्बारनेच पाडलं, कारण त्या भिंतीच्या विटा त्याला माहीत होत्या. माळ्यावरच्या गेल्या सालच्या ताट्या काढून मागच्या गल्लीत फेकल्या, त्याही त्यानेच.

एप्रिलात यंत्र सुरू झालं आणि एक अडचण उभी राहिली. दार लावल्याशिवाय खोली गार होईना. आणि भरदिवसा पेढीचं दार लावायचं कसं? त्या बाजारात दिवसा लागलेल्या दाराचा अर्थ एकच, शेठने दिवाळं काढलं. लक्ष्मी परत जाते ती निराळीच. नेमीचंद बापडा दार उघडं ठेवून घामाघूम बसत असे. जवरीलाल शेठनी मात्र तोड काढली.

"जब्बार, मी शब्दाचा पक्का आहे," ते म्हणाले. "आजपासून तू बाहेर स्टुलावर बसायचं. येईल त्याला दार उघडायचं, जाईल त्याच्यामागे लावायचं. बाहेर माणूस बसलेला दिसला की बाजार समजेल, पेढी चालू आहे."

स्टूल ठेवलं ते दाराशेजारी, यंत्राच्या पाठीखाली. आतली सगळी धग यंत्र तिथेच ओकत होतं, आणि वरचा पत्रा ती बाहेर जाऊ देत नव्हता. दोन दिवसांनी जब्बारने विनवलं, "शेठ, स्टूल जरा तिकडे सरकवू का? मानेवर निखारे पडल्यासारखं वाटतं."

"तिथून दाराला हात पोचेल का तुझा?" शेठ शांतपणे म्हणाले. "आणि भिंत तूच दाखवलीस ना?"

आतले चारजण हसले. जब्बारही हसला. त्या हसण्याचा मला, ही गोष्ट सांगताना, आजही राग येतो. दार उघडताना थंड हवेची एक झुळूक त्याच्या तोंडावर येई. ती पुन्हा लागावी म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसे. यंत्र बसल्यापासून त्या खोलीत त्याचं पाऊल पडलं नव्हतं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी दीडच्या सुमारास, तो स्टुलावरून ओट्याच्या कठड्याआड कोसळला. रस्ता ओस होता, आतल्यांना यंत्राच्या घरघरीत काही ऐकू आलं नाही. अर्ध्या तासाने समोर नेमीचंदच्या ओट्यावर कुजबुज सुरू झाली. दार बंद, स्टूल रिकामं. जवरीलाल बुडाला की काय?

कुणीतरी बाजूच्या खिडकीवर थाप मारून विचारलं तेव्हा शेठ धावत बाहेर आले. पायात वहाणाही नव्हत्या. त्यांनी दोन्ही दारं सताड उघडली आणि रस्त्याकडे बघून मोठ्याने सांगितलं, "चालू आहे, पेढी चालू आहे." मग त्यांना पायाशी पडलेला जब्बार दिसला.

झुलाल हमालाने त्याचे खांदे धरले आणि आतल्या खोलीकडे बघितलं. "शेठ, मझार लई चला. मझार गार शे."

"गादीवर माणसं बसली आहेत," शेठ म्हणाले. "आणि दार किती वेळ उघडं ठेवायचं? मागे ने त्याला."

मागच्या गल्लीत पश्चिमेच्या भिंतीवर ऊन नुकतंच चढत होतं. फेकलेल्या ताट्या अजून तिथेच होत्या. झुलालने एका ताटीवर त्याला निजवलं, दुसरी वर धरली आणि तिच्यावर पाणी ओतलं. हमीदा पोचली तेव्हा वाळ्याचा वास सुटला होता आणि जब्बारचा श्वास थांबला होता.

दुसऱ्या दिवशी शेठ चार माणसं घेऊन तिच्या दारात आले. उभ्यानेच म्हणाले, "जाणता माणूस होता. भिंत अगदी बरोबर दाखवली त्याने. खोली कशी गार पडते."

हमीदाने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि भरदिवसा दार लावून घेतलं. तिला दिवाळ्याचं भय नव्हतं.

तोवर पेढीच्या ओट्यावर, त्याच स्टुलावर, झुलाल येऊन बसला होता.