सरळ केलेल्या ओळी

"अहो, वेड्यावाकड्या होत्या म्हणून मीच सरळ केल्या की," टायपिंगबाई म्हणाली. "एक ओळ इकडं, दुसरी पार कडेला. मला वाटलं, घाईत लिहिलंय तुम्ही."

मास्तर प्रबंधाची बांधलेली प्रत उघडून एकेक पान उलटत राहिले. शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता, सुट्ट्या जाळून, त्यांनी नऊ वर्षं एका परदेशी कवीचा पिच्छा पुरवला होता. त्यानं ओळी मोडल्या, मधे जागा सोडल्या आणि पुढच्या कवींनी ते त्याच्याकडून उचललं, हाच त्यांचा अख्खा मुद्दा. तो बाईनं डाव्या समासाला नेऊन उभा केला होता, प्रार्थनेच्या रांगेसारखा. विद्यापीठात प्रती द्यायची मुदत आज पाचपर्यंत. चुकली तर नोंदणी रद्द.

"ती जागा रिकामी नसते, बाई. तिथं तो थांबतो."

बाईनं प्रत स्वतःकडं ओढून ते पान पुन्हा पाहिलं. अठरा वर्षं ती याच टेबलाशी बसून भल्याभल्या प्राध्यापकांचा पसारा आवरत आलेली. आवरलेलं कुणी परत मागितलं नव्हतं.

कवीचं पुस्तक ग्रंथालयात परत गेलेलं, कच्चे कागद मास्तरांच्या घरी, गावाच्या दुसऱ्या टोकाला. पण मास्तरांना सगळं तोंडपाठ होतं. ते म्हणत गेले, ती टाइप करत गेली आणि जागा आली की ते टेबलावर बोटं टेकवत गेले: दोन बोटं, चार बोटं. बावीस पानं. शेजारी तिचा दीर बाइंडिंगचं काम करायचा. पाच प्रती उसवताना तो कुरकुरला, की बांधलेलं सोडवण्यात वहिनीचा हात कुणी धरणार नाही.

दहाव्या पानाला मास्तरांनी बोटं टेकवायच्या आधीच तिचा हात थांबला. जागा सोडून तिनं वर पाहिलं.

"एक बोट जास्त झालं," मास्तर म्हणाले.

साडेचारला ओल्या डिंकाच्या प्रती छातीशी धरून ते पळाले. बाईला बसवेना. पाणी प्यायली, पंखा वाढवला, कमी केला. टायपिंगसाठी दुपारपासून ताटकळलेला एक भाडेकरू करारनामा पुढं सरकवत होता, तिला दिसत नव्हता.

सव्वापाचला मास्तरांचा फोन आला. कारकुनानं नाक मुरडलं, पण प्रती घेतल्या होत्या.

"बरं," ती म्हणाली. मग करारनामा ओढून घेतला आणि भाडेकरूला वडिलांचं पूर्ण नाव विचारलं.