संघमित्राचे सोमवार

जळगावात पिंप्राळ्याला हुस्नबानो खालांच्या घरी माडीवर एक खोली आहे. यंदा जानेवारीपासून जूनपर्यंत त्या खोलीत धुळ्याची संघमित्रा राहिली. पॉलिटेक्निकची शेवटच्या वर्षाची मुलगी, इंटर्नशिपला आलेली. कारखाना प्लॅस्टिकच्या चटयांचा. इंटर्नशिप म्हणजे काहीतरी शिकवतील, निदान एखादं टेबल-खुर्ची देतील, अशी तिची भाबडी समजूत होती. ती पहिल्याच आठवड्यात निकालात निघाली. तिला मागासमोर उभं केलं आणि सांगितलं, धागा तुटला की जोडायचा. बस. सकाळी उभी राहिलेली मुलगी अंधार पडताना खाली बसायची. शिकण्यासारखं जे होतं ते दोन दिवसांत शिकून झालं, उरलेले महिने फुकटच्या मजुरीचे. पण सर्टिफिकेटशिवाय डिप्लोमा हाती पडत नाही, हे कारखानदारालाही ठाऊक होतं आणि तिलाही.

सगळ्या जगाला रविवारी सुट्टी, या कारखान्याला सोमवारी. ओळखीच्या मुली रविवारी मेहरूणच्या तलावावर फिरायला जात, तेव्हा ही मागापुढे. हिचा सोमवार उजाडे, तेव्हा बाकीच्या कॉलेजात. त्यामुळे जिथे जायचं तिथे एकटीनेच.

पण एकटेपणाची तक्रार घरी करायची सोय नव्हती, कारण जळगावला यायची परवानगी मिळाली होती ती एका अटीवर. आई बेबाबाईचा या जाण्याला ठाम विरोध होता. आदल्या वर्षी नात्यातली समीक्षा अशीच नाशिकला गेली, आजारी पडली आणि महिन्याभरात वाळून परत आली. ते आईच्या डोक्यातून जात नव्हतं. वडिलांनी मध्ये पडून मार्ग काढला. "जाऊ दे तिले," ते म्हणाले, आणि संघमित्राकडे वळून, "पण तुले तरास व्हयना ते लगेच निंघी ये. वरीस गयं ते गयं." हे ते मनापासून बोलले होते आणि तसं करतीलही, हे ती जाणून होती. म्हणजे जळगावात तिने काहीही सोसलं तरी चालणार होतं, फक्त 'त्रास' हा शब्द फोनवर जाता कामा नये.

वडिलांचं नाव आधार, ती त्यांना आबा म्हणे. धुळे डेपोचे एसटी ड्रायव्हर. मागच्याच वर्षी निवृत्त झाले. आयुष्यभर गाडी हाकली, पण पाहिली ती फक्त बसस्टँडं. देवस्थानाला, किल्ल्याला, धबधब्याला माणसं नेऊन सोडायची आणि आपण स्टँडवर चहा पिऊन परतीच्या फेरीची वाट बघायची. गाडी सोडून कुठे जाता येत नाही, हा नोकरीचा नियम. नियम सुटला तोवर जायची सवयही सुटली होती. कोणी एखाद्या गावाचं नाव काढलं की आबा म्हणत, तिथल्या स्टँडवर भजी चांगली मिळतात. त्यांची माहिती तिथेच संपायची.

मग पोर फिरू लागली आणि म्हातारा हरखला. पहिल्या सोमवारी ती पद्मालयला गेली. एरंडोलपर्यंत एसटी, बाईमाणसाला तिकीट अर्धं, पुढे जागा भरेपर्यंत थांबणारी रिक्षा. तळ्यात कमळं होती. काठावर बसून तिने बरोबर आणलेली पोळी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, फोटो काढले, घरी पाठवले. संध्याकाळी आबांचा फोन आला तो तासभर चालला. स्टँडवरून पुढे रस्ता कसा जातो? चढ आहे का? पाणी किती? सगळं त्यांना हवं होतं. शेवटी मागून आईचा आवाज आला, "बरी दिखी ऱ्हायनी पोर." संघमित्राला कळलं की हे छान जमतंय. फिरणारी मुलगी थकलेली नसते, असा सगळ्या आईबापांचा समज असतो. पुढच्या सोमवारी ती उनपदेवला गेली, नंतरच्या एका सोमवारी मुक्ताईनगरला.

मार्च लागला आणि जळगावचं ऊन सुरू झालं. पत्र्याच्या शेडखाली मागांची भट्टी, वर सूर्याची. पाय संध्याकाळी असे सुजत की चपलेचा पट्टा सैल करावा लागे. एका सोमवारी ती पाटणादेवीला जायचं म्हणून उठली, वेणी घातली, डबा भरला आणि फक्त पाच मिनिटं टेकू म्हणून खाटेवर आडवी झाली. जाग आली ती फोन वाजल्यामुळे. खिडकीबाहेर दिवेलागण झाली होती.

"आज कोठे गयथी वं?" आबांनी विचारलं.

झोपेतच ती बोलून गेली, "पाटणादेवीले."

एवढं बोलून झाल्यावर माघार कशी घेणार? जंगल होतं म्हणाली, माकडं होती म्हणाली. कुठलं जंगल माकडांशिवाय असतं? मग कोणीतरी नेटवर टाकलेले फोटो उचलून पाठवून दिले. आबा खूश झाले. ते फक्त स्टँड ओळखत होते, त्यापुढचं जग तिने काहीही सांगितलं असतं तरी त्यांना खरंच वाटणार होतं. फोन ठेवल्यावर तिला स्वतःची शरम वाटली. पण शरमेपेक्षा झोप मोठी होती. ती पुन्हा झोपली.

त्यानंतर ती एकाही सोमवारी बाहेर पडली नाही. सकाळी पडायची ती संध्याकाळी उठायची, तोंड धुवायची, एखादा व्हिडिओ बघून ठिकाण पाठ करायची आणि आबांच्या फोनची वाट बघायची. परीक्षेची तयारी तिने कधी इतक्या नेमाने केली नव्हती. हुस्नबानो खाला दुपारी दाराशी खिचडी झाकून ठेवून जात. एकदा त्या उंबऱ्यात टेकल्या आणि म्हणाल्या, "बेटी, अब्बा को बता दे ना. डाँटेंगे थोड़ी." संघमित्रा म्हणाली, "डाँटेंगे नहीं खाला, लेने आ जाएंगे." खालांनी मान हलवली आणि ताट उचलून नेलं.

अजिंठ्याची लेणी आबांनी शेवटासाठी राखून ठेवली होती. "ती घाईमा देखू नको," ते सांगत. घरात बुद्धाची तसबीर, विहारात दर रविवारची वंदना. आणि लेणी जळगावपासून एवढी जवळ असून घरातल्या कोणीच पाहिलेली नव्हती. मे महिन्यात एका सोमवारी तिला सांगायला दुसरं ठिकाणच उरलं नाही. ती म्हणाली, "आज लेणी देखी, आबा." आणि मग ती इतकं सुंदर बोलली की तिचं तिलाच नवल वाटलं. अंधार, भिंतींवरचे रंग, हातात कमळ धरलेला तो बोधिसत्त्व. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग आबा रडतायत हे तिच्या लक्षात आलं.

त्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर आबांनी उठून सगळ्यांना सांगितलं, "मनी पोर लेणी देखी उनी." पोरीच्या तोंडून ऐकलेलं सगळं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. माणसं थांबून ऐकत होती. आईने ही हकीकत फोनवर कौतुकाने ऐकवली. खोटं आतापर्यंत खोलीत होतं, आता ते गावात गेलं. उघडं पडलं तर ती एकटीच तोंडघशी पडणार नव्हती. भर विहारात आबा खोटे ठरणार होते, आणि ज्या माणसाने उभ्या नोकरीत एक तिकीट खोटं फाडू दिलं नाही, त्याला ते सहन झालं नसतं.

जूनमध्ये सर्टिफिकेट हाती आलं. शनिवारी सकाळी आबा तिला न्यायला पिंप्राळ्यात हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर पंचा, पिशवीत आईने दिलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. खालांकडे चहा झाला, सामान बांधून झालं, आणि आबा म्हणाले, "सामान ऱ्हाऊ दे आठेच. संध्याकायले लिसूत. आधी लेणी. तू देखेल शे, आते माले दाखाड."

खालांनी संघमित्राकडे पाहिलं आणि चहाचे कप गोळा करायला सुरुवात केली.

फर्दापूरच्या फाट्यापर्यंत एसटीत ती बोटं मोजत बसली. मनाशी घोकत होती, आधी पहिलं लेणं, मग दुसरं, रांगेने जायचं, चुकायचं नाही. फाट्यावरून लेण्यांकडे जाणाऱ्या गाड्याही एसटीच्याच. आबा सवयीने पुढे गेले आणि ड्रायव्हरजवळच्या सीटवर बसले. ती त्यांच्या मागे. ड्रायव्हर ड्रायव्हरला भेटला की पहिली चौकशी ड्युटीची. कुठला डेपो, किती फेऱ्या, आणि मग आबांनी विचारलं, "साप्ताहिक सुट्टी कधी असते, भाऊ?"

"सोमवारी," तो ड्रायव्हर म्हणाला. "सोमवारी लेणीच बंद असतात ना. चिटपाखरू नसतं इकडे."

संघमित्राला हे माहीत नव्हतं. इतके व्हिडिओ पाहिले, पण त्यात कोणी वार सांगितला नव्हता. आबांनी मागे वळून पाहिलं नाही. हातातली पिशवी त्यांनी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली आणि गाडी थांबेपर्यंत समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिले.

तिकिटं काढली, पायऱ्या चढल्या. वर पोचल्यावर झाडाखाली एक कट्टा होता. तिचे पाय तिथेच थांबले.

"आबा, मी आठे कधी उनीच नही."

"माले समजनं," आबा म्हणाले. "मंग कोठे व्हती?"

"खोलीवर. निजेल व्हती."

"आख्खा दिन?"

"हां."

"अन् पाटणादेवी?"

"ते बी नही."

"पद्मालय?"

"तठे गयथी. खरंच गयथी, आबा."

आबा तिच्या शेजारी बसले. शाळेच्या सहलीची पोरं ओळीने पुढून गेली, त्यांचे मास्तर ओरडत गेले. "मी विहारमा सर्वास्ले सांगं," ते हलकेच म्हणाले. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्या आवाजाने तिला रडू फुटलं, आणि मग ते आवरेना.

"आजारी व्हती का?"

"नही. थकेल व्हती."

"मंग सांगं काबर नही?"

"तुम्ही माले परत बलाई लेतात."

ते खरं होतं, आबांनाही ठाऊक होतं. त्यांनी खाली पाहिलं. तिच्या पायांकडे त्यांची नजर गेली ती तिथेच राहिली. घोटे सुजून गोल झाले होते आणि चपलेच्या पट्ट्याचे वळ उठले होते. असे पाय त्यांनी डेपोत पुष्कळ पाहिले होते, स्वतःचेही. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून कट्ट्यावर पसरला आणि पिशवी उशाला ठेवली.

"नीज," ते म्हणाले. "मी देखीसन येस."

"मी येस ना संगे."

"नीज म्हनस ना."

ती आडवी झाली. आबा निघाले. पहिल्या लेण्याच्या तोंडाशी ते बराच वेळ उभे राहिले, आत जायला कोणी हटकेल की काय अशा संकोचाने. मग चपला काढल्या, शर्ट सारखा केला आणि आत गेले. पुढचं तिने पाहिलं नाही. डोळा लागला होता.

त्यांनी तिला उठवलं तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. फर्दापूरला जळगावची गाडी यायची होती. आबांच्या शर्टाला भिंतीची धूळ लागली होती, म्हणजे ते आत कुठेतरी टेकून बसले असणार. काय पाहिलं ते तिने विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

एसटीत जागा मिळाली. पहूरच्या पुढे आबांचा फोन वाजला. आईचा आवाज शेजारी बसून तिला स्पष्ट ऐकू येत होता. पोचलात का, जेवलात का, आणि पोरीने सगळं नीट दाखवलं का? "तिले दे फोन," आई म्हणत होती, "तिनाच तोंडून आयकस."

संघमित्राने हात पुढे केला. सवयीने गळा साफ केला. कुठून सुरुवात करायची ते अजूनही तिला तोंडपाठ होतं.

आबांनी फोन दिला नाही. "पोर थकेल शे," ते आईला म्हणाले. "तिले काही इचारू नको. पाच महिना उभी ऱ्हायनी ती. लेणी मी देखी, मी सांगस."

मग आबा सांगू लागले, अडखळत, एकेक लेणं आठवून, मध्येच मागचं पुढे करत. संघमित्राने डोकं खिडकीला टेकवलं आणि डोळे मिटून ऐकत राहिली.