लिफ्टचं उघडं दार

'तुम्हाला काहीही झालेलं नाही,' असं डॉक्टरांनी सांगितल्यावर हमसून रडणारं माणूस पाहिलंय तुम्ही? मी पाहिलंय. मी काम करते त्या मोठ्या इस्पितळात अकरा वर्षं लिफ्ट चालवणाऱ्या मावशी.

मागच्या वर्षी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत मावशी आणि स्ट्रेचरवरचा पेशंट, चाळीस मिनिटं. पेशंट वाचला. तेव्हापासून दार बंद झालं की मावशींची छाती धडधडते, हात बधिर होतात, आता आपण मरणार असं वाटतं.

तिसरा ईसीजीही नॉर्मल आला. डॉक्टर हसून म्हणाले, "मावशी, हृदय घोड्यासारखं आहे तुमचं."

"मग तो उधळतो कशाला?" मावशींनी विचारलं आणि तिथेच रडायला लागल्या.

त्यांना लिफ्टबाहेरचं काम द्या म्हणून मी सुपरवायझरशी भांडायला गेले. तो म्हणाला, "कागदावर आजार दाखवा, उद्या देतो. नॉर्मल रिपोर्टवर काय करू, हार घालू?" मी टेबलावर हात आपटला. टेबल हललं, साहेब हलले नाहीत.

आता मावशी प्रत्येक मजल्यावर पायाने दार अडवून दोन श्वास घेतात, मगच दार लावतात. लोक खेकसतात, "काय मावशी, झोप लागली का?" उशीर करतात म्हणून दोन लेखी तक्रारी झाल्यात. तिसरी आली की नोकरी गेली.

माझं भांडून संपलंय. आता तुम्हालाच सांगते. त्या लिफ्टमध्ये चढलात, तर दोन श्वास थांबा, आणि तिसरी तक्रार तुम्ही लिहू नका.