स्पीकरवरचा तळहात

एका परदेशी डेथ मेटल बँडचं ते पहिलंच रेकॉर्डिंग. ड्रम नुसते आदळतात, गिटार गढूळ, गायक घसा फाडून ओरडतो. मला त्याचा तो ओबडधोबडपणाच लई आवडतो. पण बजाजनगरच्या आमच्या घरात मी ते हेडफोनवरच ऐकायचो.

बाबा वाळूजच्या कंपनीतल्या, मशिनींवर पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशॉपमधून रिटायर झालेत, ऐकायला कमी येतं. परवा म्हणाले, "मोठ्यानं लाव की." लावलं. त्यांनी स्पीकरवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

"आमच्या शॉपमध्ये असाच आवाज. शेजारच्याला पाणी मागायचं तरी असंच वरडायचं. मग घरी बोलायला घसाच राहायचा नाय."

लहानपणी ते घरी गप्प बसायचे, तेव्हा मला वाटायचं, माझ्यावरच रागावलेत.