आईंसाठी हलणारं बोट

लग्नातले किस्से दोन-तीन वर्षांत सांगून संपतात. आयसीयूच्या बाहेरचे संपत नाहीत. रोह्याच्या बाजारात मासळी घेताना कुणी सहज विचारतं, "आता बरे आहेत ना तुमचे मिस्टर?" की मी सुरू. हातातल्या कोलंबीवरचा बर्फ वितळतो तरी माझं चालूच. मैत्रिणी म्हणतात, तुझ्या किश्शांत तू सगळ्यांवर जळतेस. जळतच होते, त्यात काय?

आमचे हे धाटावला कंपनीत ऑपरेटर. न्यूमोनिया झाला, तो बघता बघता इतका वाढला की पेणच्या एका हॉस्पिटलात थेट व्हेंटिलेटर. मी आणि सासूबाई रोह्याजवळचं आमचं वरसे गावातलं घर बंद करून आयसीयूबाहेरच्या पॅसेजमध्ये राहायला गेलो. होय, राहायलाच.

*

त्या पॅसेजमध्ये एक पद्धत होती. ज्याचा पेशंट खाली जनरल वॉर्डात गेला, त्याने आपली चटई मागे राहिलेल्या कुणाला तरी देऊन जायची आणि पेढे वाटायचे. डोलवीला कॉन्ट्रॅक्टवर काम करणारा कमलाकर होता, त्याचे वडील आमच्यानंतर आले आणि आमच्या आधी वॉर्डात गेले. रांगेत मागून घुसल्यासारखं.

"वहिनी, तोंड गोड करा," म्हणून त्याने पेढा दिला. मी हसून घेतला आणि पर्समध्ये टाकला. खाववेचना. दुसऱ्या दिवशी पर्सला मुंग्या लागल्या, त्याचाही राग मी कमलाकरवरच काढला.

*

माझ्या शेजारी बसायच्या पार्वतीकाकू. खाडीकडच्या गावातल्या, सगळा जन्म मिठागरात गेलेला. त्यांचा नवरा आत. डॉक्टर राउंड घेऊन बाहेर आले की आम्ही एकमेकींचे निकाल विचारायचो.

"तुमच्याला काय बोलला गो डॉक्टर?"

"क्रिटिकल, बट स्टेबल."

"आमच्याला नुसता स्टेबल बोलला."

मी मनात जळते आहे की यांना नुसतं स्टेबल मिळालं, आमच्या स्टेबलच्या आधी ते क्रिटिकल लागलं. थोड्या वेळाने काकूच हळूच म्हणाल्या, "तुमच्याशी डॉक्टर जास्त बोलतो. आमच्या मानसाकडं ध्यान नाय देत वाटतं."

म्हणजे त्याही माझ्यावर जळत होत्या. मला जरा बरं वाटलं.

*

पण त्या काळात मी सगळ्यात जास्त जळले ती सासूबाईंवर.

आत एका वेळी एकालाच सोडायचे. सकाळचा पास आईंचा, संध्याकाळचा माझा. आई पहिल्यांदा आत जाऊन आल्या त्या डोळे पुसतच, पण म्हणाल्या, "दिनूनं बोट हलवलंन गो. माझी हाक वळखलीन."

मी संध्याकाळी धावत आत गेले. हाका मारल्या, हात चोळला, लग्नातल्या गोष्टी काढल्या. हे ढिम्म. बाजूचं मशीन तेवढं टिक टिक करतंय.

मग रोज तेच. सकाळी आईंसाठी बोट हलायचं. एकदा पापणीसुद्धा. संध्याकाळी माझ्यासाठी काही नाही. "दमत असंल संध्याकाळी," आई मला समजवायच्या. "तू धीर सोडू नको. हलवतो तो."

इतकी वर्षं यांचे डबे मी भरले, शिफ्ट सुटेपर्यंत जागी मी राहिले, आणि बोट आईसाठी! खोटं कशाला सांगू, देवाकडे मी आधी यांचा जीव मागितला आणि लगेच पुढे ते बोट मागितलं.

*

पार्वतीकाकूंचा नवरा गेला. नुसता स्टेबल होता, तरी गेला. काकू माझ्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. आणि रडता रडता मनात आलं, ही आज घरी जाणार. आपल्या अंथरुणावर पाठ टेकणार. त्या बाईवरसुद्धा मी जळले. अजून कधी कधी त्यांची आठवण येते तेव्हा आधी हेच आठवतं.

जाताना काकूंनी आपली चटई आमच्याजवळ ठेवली. पॅसेजमधलं कुणी तिला शिवायला तयार नव्हतं. आईंनी ती उलगडली, हाताने साफ केली आणि तिच्यावर बसल्या. "चटईनं काय केलंन?" म्हणाल्या.

*

त्याच संध्याकाळी मी आत गेले ती भांडायच्याच तयारीत. लाडीगोडी संपली होती. यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "आईंना रोज बोट हलवून दाखवता. मी कोण लागते तुमची?"

बोट हललं.

मला भास वाटला. पण समोर उभी असलेली सिस्टर म्हणाली, "ताई, परत बोला." मी परत बोलले, चांगलंच बोलले. यांनी माझी बांगडी बोटात अडकवून धरली. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला पळाली.

मी आयसीयूत घालायला देतात ती निळी टोपी डोक्यावर तशीच ठेवून बाहेर आले. आई चटईवर बसून होत्या. आता मला ऐकवायचं होतं. म्हटलं, "आई, माझ्यासाठीपण हलवलं बोट."

मला वाटलं म्हणतील, मी रोज काय सांगत होते?

आई भिंतीला धरून उठल्या. माझी दोन्ही मनगटं घट्ट धरली.

"खरंच हलवलंन काय गो?" त्यांनी विचारलं. "तू बघितलंस?"